रोटेशन केले, असे बिलावर लिहिले होते

मागच्या महिन्यात एका मित्राने आपली पोर्शे ७१८ केमन ही स्पोर्ट्स कार सर्व्हिसिंग करून आणली आणि बिल माझ्या हातात दिले. ऑइल, फिल्टर, ब्रेकची तपासणी अशा नेहमीच्या ओळींच्या खाली आणखी एक ओळ होती: चारही टायरचे रोटेशन, म्हणजे झीज सारखी व्हावी म्हणून चाकांच्या जागांची अदलाबदल, ४० डॉलर. बिल खिशात घालून मी गाडीजवळ उकिडवा बसलो आणि टायरच्या कडेवरचे आकडे वाचले. पुढे २३५/४५ आर १८, मागे २६५/४५ आर १८. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरची उंची आणि शेवटचा इंचांत रिमचा व्यास. म्हणजे मागचा टायर पुढच्यापेक्षा ३ सेंटिमीटर रुंद आणि व्यासाने सुमारे २७ मिलिमीटर मोठा. रिमची रुंदीही अर्थातच वेगळी. पुढची चाके मागे नेण्याचा प्रश्नच या गाडीत येत नाही. डावी-उजवी तरी बदलली असतील, असे क्षणभर वाटले; पण उजव्या मागच्या रिमवर फुटपाथला घासून उठलेला जो ओरखडा आम्हा दोघांना पाठ झाला आहे, तो उजवीकडे मागेच होता.

तो पैसे परत मागायला गेला आणि ते मिळालेही, त्यामुळे ती तक्रार तिथेच मिटली. पण त्या निमित्ताने त्याने मला विचारले, ‘मग स्पोर्ट्स कारचे टायर रोटेट करायचेच नसतात का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ते गाडीच्या नावावर नव्हे, तर टायरच्या कडेवर लिहिलेले असते.

माझी स्वतःची गाडी माझदा एमएक्स-५, चौथ्या पिढीतली. तिला चारही बाजूंना २०५/४५ आर १७ हेच टायर आहेत आणि रिमही एकसारखे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन दोन्ही ॲक्सलवर जवळपास निम्मे निम्मे. अशा गाडीत रोटेशन करता येते, आणि माझ्या मते करावेच. मागच्या चाकांना वजनही पेलायचे असते आणि गाडी ढकलायचीही असते, त्यामुळे ती आधी झिजतात. माझ्याकडच्या वहीत गेल्या वेळच्या नोंदी आहेत: ८,००० किलोमीटरनंतर पुढे ६.४ मिलिमीटर खोल नक्षी शिल्लक, मागे ५.३. अदलाबदल केली नाही तर मागची जोडी आधी संपते, मग मागे कोरे आणि पुढे अर्धे झिजलेले टायर घेऊन चालवावे लागते, आणि या गाडीचा जो समतोल पाहून ती घेतली तोच बिघडतो. चारही टायर एकत्र म्हातारे व्हावेत, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप असतो. पैशांची बचत त्यात फारशी नाही, कारण शेवटी चारही एकदम घ्यावे लागतात आणि त्या महिन्यात खिसा चांगलाच हलका होतो.

यात एक गोष्ट मला बरीच उशिरा लक्षात आली. नक्षी जास्त असलेले टायर मागे असावेत, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके पाण्यावर तरंगली तर गाडी गरकन फिरते, पुढची तरंगली तर ती सरळ पुढे जात राहते, आणि दुसरी चूक सावरणे सामान्य चालकाला त्या मानाने सोपे जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रोटेशन केले की जास्त झिजलेले टायर पुढे येतात आणि बरे टायर मागे जातात, म्हणजे झीज सारखी करण्याचा नियम आणि सुरक्षिततेचा नियम एकाच दिशेला बोट दाखवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नेमके उलटे होते. इथे कॅलिफोर्नियात पाऊस बहुतेक हिवाळ्यातच पडतो, म्हणून मी ऑक्टोबरच्या आत हे काम उरकतो.

आता केमनकडे परत. तिच्यासारख्या, पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असलेल्या गाड्या स्पोर्ट्स कारमध्ये पुष्कळ आहेत. सध्याच्या पिढीच्या कॉर्व्हेटच्या मूळ मॉडेलला तर पुढे १९ इंची आणि मागे २० इंची रिम असतात. अशा गाडीत उरते ती फक्त डाव्या-उजव्याची अदलाबदल, आणि तीही टायर परवानगी देईल तेव्हाच. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर चाक जसेच्या तसे दुसऱ्या बाजूला लावता येत नाही, कारण नक्षी उलटी फिरू लागते आणि पाणी बाहेर फेकण्याचे तिचे काम बिघडते. बाण नसेल आणि त्याऐवजी एका कडेवर ‘आउटसाइड’ असे छापलेले असेल, तर आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी आहे, असा त्याचा अर्थ. असे चाक डावीकडून उजवीकडे नेले तरी बाहेरची कड बाहेरच राहते, म्हणून ते चालते. मित्राचे टायर याच जातीचे आहेत.

पण चालते आणि उपयोगाचे असते, यात अंतर आहे. या गाड्यांच्या चाकांना कँबर दिलेला असतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग किंचित आत कललेला असतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकली की टायर रस्त्यावर सपाट बसावा, यासाठी ही योजना. सरळ रस्त्यावर मात्र भार आतल्या कडेवर येतो आणि आतली कड आधी झिजते. मित्राच्या मागच्या टायरवर बाहेर ५ मिलिमीटर, मधे ४.५ आणि आत जेमतेम ३ मिलिमीटर नक्षी होती. असा टायर डावीकडून उजवीकडे नेला तरी त्याची आतली कड आतच राहणार, आणि तीच पुढेही झिजणार. त्या ४० डॉलरचे काम प्रामाणिकपणे केले असते तरी हाती काही लागले नसते.

यावर एक इलाज आहे, पण तो गंमत म्हणजे बाण असलेल्या टायरला चालतो. टायर रिमवरून उतरवायचे आणि डाव्याचा टायर उजव्या रिमवर, उजव्याचा डाव्यावर चढवायचा. फिरण्याची दिशा कायम ठेवण्यासाठी टायर उलटावा लागतो आणि झिजलेली आतली कड आपोआप बाहेर येते. चढवण्या-उतरवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरी द्यावी लागते, त्यामुळे टायर महाग असेल आणि त्यात पुरेसा जीव शिल्लक असेल तरच हा उद्योग परवडतो. ‘आउटसाइड’ लिहिलेल्या टायरला हा मार्ग बंद आहे.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे गणित आणखी वेगळे. सुबारू डब्ल्यूआरएक्ससारख्या गाडीत टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये, असे कंपनीच सांगते, नाहीतर मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा भाग, विनाकारण राबत राहतो. तिथे रोटेशन ही हौस राहत नाही.

माझे वडील नाशिकला प्रीमियर पद्मिनी चालवत. त्या काळी स्टेपनीही बाकीच्या चार टायरच्याच मापाची असल्याने ते पाचही टायर आळीपाळीने फिरवत, आणि कोणता टायर कुठून कुठे गेला याची नोंद रेशन कार्डाच्या मागे ठेवलेल्या एका कागदावर असे. माझ्या गाडीत स्टेपनीच नाही, पंक्चर बुजवायचे रसायन आणि छोटा पंप दिलेला आहे. वही ठेवण्याची सवय मात्र तिकडूनच आली.

काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक टायरची नक्षी आत, मधे आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजतो. मग टायरवरून तळहात आधी एका दिशेने आणि नंतर उलट दिशेने फिरवतो. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे हाताला लागले, तर चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाके किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात ते माप, बिघडलेला आहे, आणि अशा वेळी आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यावे लागतात. ते न करता चाके बदलली, तर ज्या दोषाने दोन टायर खाल्ले तोच दोष उरलेले दोन खातो. मित्राला मी हेच सांगितले आणि त्याच्या गाडीचा मागचा टो खरोखरच मर्यादेबाहेर निघाला.

माझे टायरही ‘आउटसाइड’ जातीचे आहेत, बाण नाही, म्हणून मागची चाके सरळ पुढे आणि पुढची तिरपी मागे, असा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठीचा ठरलेला क्रम मला वापरता येतो. खडूने रिमच्या आत ‘डा. पु.’, ‘उ. मा.’ अशी खूण करायची, गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे आणि मगच जॅक लावायचा. गाडी इतकी बुटकी आहे की साधा जॅक खाली शिरत नाही; मी आधी चाके दोन फळ्यांवर चढवून घेतो. चारही कोपऱ्यांना भक्कम स्टँड लावल्याशिवाय एकही चाक काढत नाही. चाक ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा लागतो, नाहीतर चाक नीट टेकत नाही आणि स्टिअरिंग थरथरते. या गाडीला प्रत्येक चाकाला चारच नट असतात. ते आधी हाताने आणि शेवटी टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) समोरासमोरच्या क्रमाने १२० न्यूटन मीटरला आवळतो. ज्या गाड्यांत पुढे-मागे हवेचा दाब वेगळा सांगितलेला असतो, त्यांत तोही नव्या जागेप्रमाणे बदलायला हवा.

नंतर स्कायलाइन बुलेव्हार्ड या रस्त्यावरून एक फेरी होते, सुमारे ८० किलोमीटरची. चाके गार झाली की टॉर्क पाना पुन्हा लावून बघतो. या वेळी डाव्या मागच्या चाकाचा एक नट अजून थोडा फिरला.