त्रैमासिकाचा शोध, नोंद चौथी: आचारी आणि आचार्य

मागच्या नोंदीच्या शेवटी "शोध आता झालाच समजा" असं लिहून बसलो होतो. ते वाक्य मागे घेतो.

नव्यांसाठी थोडक्यात. अमळनेरहून आम्ही चार-पाच जण हौसेने एक त्रैमासिक काढतो. शेती, अहिराणी, जुन्या गावांच्या हकिकती, असा मामला. लेख घोस्ट या संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहेत आणि वाचकाला लेखांत शब्द शोधून देणारा शोध मेलीसर्च या शोधयंत्रावर. नवा लेख आला की तो शोधाच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या सूचीत, घालायचं काम पूर्वी नानांच्या छापखान्यातला जुना डेस्कटॉप रात्री करायचा. नाना म्हणजे आमचे संपादक, नात्याने माझे चुलते. मे महिन्यात वीज गेली की डेस्कटॉप बंद, आणि सकाळी नानांचा फोन: "तुनं यंत्र झोपेल शे का रे?" कालचा लेख शोधात नसायचा. म्हणून सगळं लॅम्डावर न्यायचं ठरवलं. ही अॅमेझॉनची सेवा: आपला छोटा प्रोग्राम, म्हणजे फंक्शन, तिथे ठेवायचा, हाक मारली की तो चालतो. महिन्याला १० लाख हाका फुकट, आमच्या होतात शे-दोनशे. पैशाचा विषय तिथेच संपला.

पहिली जुळणी एका संध्याकाळीत झाली. लेख प्रसिद्ध झाला की घोस्ट वेबहुक मारतं (म्हणजे आपोआप निरोप पाठवतं), फंक्शन जागं होतं, लेख उचलून मेलीसर्चला देतं. इंग्रजीत "टेस्ट वन" लेख टाकला, शोधात दिसला. मग नानांचा भरताच्या वांग्यावरचा लेख टाकला, तर फंक्शनने दारातूनच परत पाठवला. कारण: सही जुळत नाही.

यात माझे दोन दिवस गेले. वेबहुक आपल्याच घोस्टकडून आलंय हे कळावं म्हणून त्याबरोबर एचमॅक सही येते, म्हणजे निरोपाचे बाइट आणि दोघांनाच ठाऊक असलेला गुप्त शब्द यांवरून काढलेली खूण. मी शहाणपणा करून आलेला जेसन (निरोपातली माहिती ज्या साच्यात बांधून येते तो) आधी उघडला आणि सही तपासायला पायथनमध्ये पुन्हा बांधला. स्वल्पविरामानंतरच्या मोकळ्या जागा काढायची आठवण ठेवली होती, म्हणून इंग्रजी लेख सुटला. पण पायथनला वेगळं सांगितलं नाही तर जेसन बांधताना ते प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड आकडा लिहितं. घोस्ट अक्षरं जशीच्या तशी पाठवतं. मजकूर तोच, बाइट वेगळे, सही वेगळी. आता आलेले कच्चे बाइट हात न लावता आधी तपासतो आणि मगच उघडतो. चाचणीचा लेख आपल्या भाषेत लिहिला असता तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

दुसरी गडबड काढून टाकलेल्या लेखांची. एक लेख लेखकानेच परत घेतला, तरी शोधात तो आठवडाभर येत राहिला. घोस्टच्या वेबहुकमध्ये "करंट" आणि "प्रीव्हियस" असे दोन कप्पे असतात. लेख पुसला की करंट रिकामा येतो, आयडी, म्हणजे लेखाचा ओळखक्रमांक, असतो प्रीव्हियसमध्ये. मी करंटमध्ये शोधत होतो, काही सापडत नव्हतं, आणि फंक्शन गुपचूप "झालं" म्हणून मोकळं होत होतं.

तेवढ्यासाठी एक अट घालून भागलं असतं, पण मी रचनाच बदलली. आता पहिलं फंक्शन फक्त सही तपासतं आणि लेखाचा आयडी एसक्यूएस या अॅमेझॉनच्या निरोप-सेवेच्या रांगेत टाकतं. मजकूर टाकत नाही. दुसरं फंक्शन रांगेतून आयडी उचलतं आणि घोस्टला विचारतं, हा लेख आत्ता कसा आहे? मिळाला तर इंडेक्समध्ये घालतं, ४०४, म्हणजे "सापडत नाही" असं उत्तर, आला तर काढून टाकतं. एसक्यूएसच्या साध्या रांगेत निरोप कधी दोनदा येतो, कधी मागचा पुढे येतो. नानांना तर प्रसिद्ध केल्यावर पाच मिनिटांत तीनदा शुद्धलेखन दुरुस्त करायची सवय. पूर्वी जुना मजकूर मागाहून येऊन नव्यावर बसायचा. आता निरोप कितीही वेळा, कुठल्याही क्रमाने येवो, दुसरं फंक्शन दर वेळी ताजाच लेख आणतं.

एक किरकोळ: लॅम्डावर फंक्शनला काम संपवायला मिळणारी मूळ मुदत ३ सेकंदांची असते, ती वाढवून घ्या. आणि मेलीसर्चने "घेतलं" म्हटलं म्हणजे घातलं असं नाही. ते फक्त कामाचा क्रमांक देतं, काम पुढे फसूही शकतं. त्या क्रमांकाची चौकशी केल्याशिवाय मी आता रांगेतला निरोप पुसत नाही.

आता मुख्य विषय. एका वाचकाने कळवलं की "शेतकऱ्यांना" शोधलं तर निम्मेच लेख येतात. आमच्या अंकात या शब्दाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे लाजच वाटली. लेख उघडून पाहिले तर डोळ्याला सगळीकडे शब्द एकच. आतली अक्षरं मात्र दोन तऱ्हांची. नव्या लेखांत अर्धा र म्हणजे युनिकोडचा ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि त्याला हलन्त. जुन्या लेखांत साधा र, हलन्त आणि मागे जोडणी करणारं एक अदृश्य अक्षर, झेडडब्ल्यूजे. कुणी कुठल्या कळफलकावर टंकलं त्यावर सगळं. एनएफसी (एकाच अक्षराच्या लिहिण्याच्या तऱ्हा एक करणारी युनिकोडची रीत) लावलं की भागेल असं वाटलं होतं, पण एनएफसीच्या लेखी हे दोन वेगळेच शब्द आहेत. ते फक्त र आणि नुक्ता असं सुटं लिहिलेलं असेल तर त्याचा ऱ करतं.

मी घाईने उपाय केला: सगळी अदृश्य अक्षरं उडवा आणि ऱ चा र करा. सगळे शेतकरी एका ओळीत आले. दोन दिवस खूश होतो. मग खान्देशातल्या लग्नांच्या जेवणावळींवरचा एक लेख हवा होता म्हणून "आचाऱ्यांच्या" शोधलं, आणि सगळ्यात वर आले विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, त्यावरचा आमचा लेख. त्यात "आचार्यांच्या" चार वेळा. भरिताच्या कढईवर उभा असलेला आचारी पार तळाला. नानांना दाखवलं तर ते इतके हसले की चहा सांडला.

मराठीत हा फरक खराच आहे. दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. तो मोडायचा नाही, फक्त लिहिण्याच्या तऱ्हा एक करायच्या. आताचा क्रम असा: आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की त्याचा ऱ आणि हलन्त करायचा. मग एनएफसी. मग उरलेली अदृश्य अक्षरं काढायची. पहिली आणि तिसरी पायरी उलटी केली की आचारी पुन्हा आचार्य होतो. हा धुतलेला मजकूर वेगळ्या रकान्यात राहतो, वाचकाला लेखकाचा मूळ मजकूरच दिसतो.

हेच धुणं वाचकाने शोधपेटीत टंकलेल्या शब्दालाही लागतं, आणि तो शब्द ब्राउझरमधून थेट मेलीसर्चकडे जातो. त्यालाही फंक्शनमधून फिरवून पाहिलं, पण बराच वेळ कुणी हाक मारली नसली की लॅम्डा उठायला वेळ घेतं आणि पेटी अडखळते. म्हणून तोच क्रम ब्राउझरमध्येच चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये दुसऱ्यांदा लिहिला. दोन प्रती म्हणजे कधीतरी वेगळ्या वाटेला लागणारच, म्हणून चाळीस अवघड शब्दांची एक फाइल केली आहे. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तरच नवा कोड चढतो.

सामान्यरूपाचं घोडं अजून अडलेलं आहे. "केळी" टंकलं की "केळीच्या" सापडतं, कारण मेलीसर्च शेवटच्या शब्दाला सुरुवात मानून पुढचं जुळवतं. पण "कापूस" टंकलं की "कापसाला" हाती लागत नाही. सध्या फंक्शनमध्ये हाताने केलेला तक्ता आहे. लेखात "कापसा"ने सुरू होणारा शब्द दिसला की एका जादा रकान्यात "कापूस" लिहायचं. ऊस, पाऊस तसेच. ओबडधोबड आहे, पण काय चुकलं ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून मला आवडतं.

त्याच तक्त्यात अहिराणी शिरली. इकडे बोलण्यात ळ चा य होतो: शाळा शाया, केळी केयी. मी म्हटलं सरळ नियमच लावू, य चा ळ करून पाहू. नानांनी विचारलं, "मंग मायनं काय करशी?" माय म्हणजे आई, तिची माळ झाली असती. नियम रद्द. आता नाना दुपारी छापखान्यात बसून एकेक जोडी सांगतात आणि मी टंकतो.

रोज रात्री दोनला एक तिसरं फंक्शन घोस्टमधले आयडी आणि इंडेक्समधले आयडी ताडून पाहतं. वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, आहे, म्हणून तिथे २०:३० लिहावं लागतं. पहिल्याच रात्री त्याने अकरा लेख जास्तीचे दाखवले. दहा जुने पुसलेले होते. अकरावा होता माझाच "टेस्ट वन".