मोजणीवाले हायेत का?

गौताळ्यात तंबू ठोकून राहायचं, हे भाचीनं दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. तंबू ऑनलाइन आला, हवा भरायची गादी आली, कपाळाला बांधायची बॅटरी आली. राहिली होती फक्त परवानगी, आणि ती मिळणार नाही हे वनखात्याच्या चौकीवर पाच मिनिटांत कळलं. गौताळा-औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे. दिवसा नोंद करा, तळ्यापर्यंत जाऊन या, पण अंधाराच्या आत बाहेर. तंबू नाही, चूल तर नाहीच. चौकीवरचा माणूस समजूतदार होता. "साहेब, बिबटे आहेत. आणि २०२१ ला यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ चालत इथवर आला होता, माहितीय ना?" हे ऐकून भाचीला जोर चढला, मेव्हण्याचा उतरला.

मग मावशी आठवली. कन्नड तालुक्यात, जंगलाच्या हद्दीबाहेर, तिचं दोन एकराचं रान एका पाझर तलावाला लागून आहे. फोन केला तर आधी तिला कळेचना. "घरात खाटा हायेत की. रानात कामून झोपता?" मी सांगितलं, तळ्याकाठी झोपायचंय. ती जरा थांबली आणि हसायलाच लागली. "त्या तळ्याच्या पाळूवर, बांधावर, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही माती वाहिली. दिवसभर खडी फोडायची, माती टाकायची, पोरांना सुकडी मिळायची. अन् तुम्ही पैसे मोडून तिथं झोपायला येता?" गंमत म्हणजे चौकीवर आम्हाला अडवणारा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी निघालो. गावात शिरताना पोलीस पाटलाला नावं आणि गाडीचा नंबर देऊन ठेवला. हे मावसभावानं सुचवलं होतं आणि ते फार बरं झालं, कारण रात्री रानात उजेड दिसला की गाव आधी चोर म्हणतं.

तंबूबरोबर आलेला कागद मऊ मातीसाठी लिहिलेला असावा. आमच्याकडं वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. ॲल्युमिनियमची पहिली खुंटी दगडानं ठोकली तर ती वाकून इंग्रजी सातासारखी झाली. दुसरीही तशीच. तिसरी मी ठोकलीच नाही. दोऱ्या सरळ डोक्याएवढ्या दगडांना बांधल्या आणि त्या दगडांवर आणखी दगड ठेवले. वारा उलटला तरी तंबू हलला नाही, एवढं एक काम आमच्याकडून नीट झालं.

जागा मात्र चुकली. भाचीला दार उघडलं की पाणी दिसायला हवं होतं, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला, खोलगटात तंबू लावला. संध्याकाळी तिथं सुंदरच दिसतं. पाण्यावर चक्रवाकांची एक जोडी होती, टिटवी आमच्या नावानं ओरडत होती, पलीकडच्या डोंगरात ऊन विझत गेलं. तीन दगडांची चूल मांडली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, भरकन पेटते आणि तशीच विझते, तिच्यावर चहा होतो, वांगं भाजत नाही. भरतासाठी बाभळीचा निखारा लागला. हुरडा अजून कोवळा होता, त्यामुळे त्याची हौस राहिली. प्यायला घरून वीस लिटरचा जार आणला होता. तळ्यात गुरं उतरतात, ते पाणी फक्त भांड्यांना. नऊ-साडेनऊला कृत्तिका अगदी डोक्यावर आल्या होत्या. मेव्हणा म्हणाला, एवढं आकाश शहरात कुठं, आणि दहाला घोरायला लागला.

एकच्या सुमारास मला जाग आली ती पाठीला मुरूम टोचला म्हणून. गादीतली हवा गेली होती. बॅटरीच्या उजेडात हात फिरवला तर बाभळीचा एक पांढरा काटा, बोटभर लांब, तंबूचं बूड, चटई आणि गादी या तिघांना एकत्र शिवून उभा होता. जागा झाडली होती आम्ही, पण पायानं. वरून तंबूच्या आतल्या बाजूनं पाणी ठिबकत होतं. थंडी नको म्हणून खिडक्या बंद केलेल्या, तिघांचा श्वास कापडाला लागून त्याचं दव झालेलं. शिवाय गार हवा उतरून खोलगटातच साचते. दहा पावलं वर पाळूकडं गेलो तर तिथं थंडी चक्क कमी होती.

चूल परत पेटवून बसलो तेवढ्यात बांधावरून उजेड हलत आला. शेजारचा शेतकरी होता, हातात फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. शेतीला लाइट रात्रीची होती, म्हणून गव्हाला दारं धरत, पाणी वळवत होता. तंबूकडं बघून त्यानं विचारलं, "मोजणीवाले हायेत का तुम्ही?"

"नाही, मुक्कामाला आलोय."

"कोणाच्या इथं?"

मावशीचं नाव सांगितलं. तो आणखीच गोंधळला, कारण मावशीचं घर तिथून दिसत होतं. जाळावर पाय शेकत त्यानं गादी, काटा, ठिबकणारं कापड सगळं बघितलं आणि म्हणाला, मक्याची ताटं पडली हायेत ना बांधावर, ती अंथरा. गार खालून येतं, वरून नाही. मग भाचीला उठवलं, तंबू आहे तसा चौघांनी चार कोपऱ्यांना धरून वर उचलून आणला, खाली वीतभर ताटं पसरली, दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या. तो चहा पिऊन परत पाण्यात उतरला. आम्हाला झोप लागेपर्यंत त्याच्या फावड्याचा आवाज येत होता.

सकाळी मावशी चहाची किटली घेऊन आली. ओला तंबू पाळूच्या दगडांवर वाळत घातला होता. तिनं कापड दोन बोटांत धरून चुरगाळून बघितलं. "पाणी जिरत नाही का ह्यातून?"

"बाहेरून नाही जिरत."

"मग ठिव हितंच."

एप्रिलात अवकाळी आला तेव्हा तो तिच्या कांद्यावर होता. भाचीनं अजून परत मागितलेला नाही.