लाइपझिगमधला मेंडेल्सोन मास्तर

जर्मनीतल्या लाइपझिगला आउगुस्टुसप्लाट्झ या चौकात ट्राममधून उतरलं की गेवांडहाउस हे संगीत सभागृह दिसतं. एकोणिसाव्या शतकातला संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक मेंडेल्सोन याचं सभागृह समजून लोक त्याचेच फोटो काढतात. ही इमारत १९८१ची, त्या नावाची तिसरी. १८३५पासून मेंडेल्सोनने गेवांडहाउसचा वाद्यवृंद सांभाळला तो कापडव्यापाऱ्यांच्या जुन्या इमारतीत. त्या जागी आता ‘श्टेटिशेस काउफहाउस’ आहे. मी आधी तिकडे वळलो, कारण माझ्या लेखी त्याचं सर्वांत टिकाऊ काम त्याच आवारात सुरू झालं: २ एप्रिल १८४३ रोजी उघडलेलं संगीत विद्यालय.

पैसा आला ब्ल्यूमनर या न्यायाधिकाऱ्याच्या मृत्युपत्रातून, २०,००० थालर (तेव्हाचं जर्मन चलन). तो कुठे लावायचा हे सॅक्सनीच्या राजाच्या हाती होतं. मेंडेल्सोनने पाठपुरावा करून तो विद्यालयाकडे वळवला. शिक्षक असे: हार्मनी (स्वरांची एकत्र जुळणी) आणि काउंटरपॉइंटला (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण) हाउप्टमान, व्हायोलिनला गेवांडहाउसचाच कॉन्सर्टमास्टर (वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक) डेव्हिड, पियानोला संगीतकार शूमान. (शूमान वर्गात फारसं बोलतच नसे, ही निवड तेवढी फसली.) नुसतं वाद्य घोटून भागत नसे, हार्मनी सक्तीची होती. पण नियमाचा बाऊ नव्हता. पुढे नामवंत व्हायोलिनवादक झालेल्या, तेव्हा बारा वर्षांच्या योआखिमचं व्हायोलिन ऐकून मेंडेल्सोनने ठरवलं की याला विद्यालयाची गरज नाही, डेव्हिड आणि हाउप्टमानकडे खासगीत शिकू दे. १८४४ साली लंडनमध्ये त्याने या पोराकडून बेथोवनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवून घेतला, स्वतः संचालन करून.

तिथून थोमासकिर्शे हे चर्च चालत दहा मिनिटांवर. चर्चच्या अंगणातला संगीतकार बाखचा भव्य पुतळा १९०८चा. तेवढाच पाहून परतू नका. जवळच्या हिरवळीत बाखचंच १८४३चं छोटं स्मारक आहे, ते मेंडेल्सोनने उभारलं. त्यासाठी १८४०मध्ये याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवून त्याने निधी जमवला होता. मेंडेल्सोनचा स्वतःचा पुतळा नाझींनी १९३६मध्ये हटवला. चर्चसमोर दिसतो ती २००८ची प्रतिकृती.

गोल्डश्मिटश्ट्रासे १२ हे त्याचं शेवटचं घर, आता संग्रहालय. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तो इथेच गेला. वरच्या मजल्यावर त्याने रंगवलेली जलरंगचित्रं आहेत, हात चांगलाच सराईत. रविवारी सकाळी अकराला इथे मैफल असते. ती ऐकायची तर बाकीची फेरी आदल्या दिवशी उरका. तळमजल्यावरच्या ‘एफेक्टोरियम’ला मात्र घाईत जाऊ नका. तिथे छडी हातात घेऊन आभासी वाद्यवृंद चालवता येतो आणि हात रेंगाळला की लय रेंगाळते. वाद्यगट एकेक करून बंद करता येतात. आधी सगळे चालू ठेवून ऐका, मग तंतुवाद्यं काढा: खाली सुषिरवाद्यं काय करत होती ते तेव्हाच नीट कळतं.