उन्हानं उडलालंय ओ साहेब! (अंगणातल्या पोहण्याच्या टाकीचा माझा अनुभव)

बागेत पोहण्याची टाकी बांधायची तर काय काय करावं लागतं, असं गेल्या सहा महिन्यांत चार जणांनी विचारलं. प्रत्येकाला मी टाइलच्या रंगापासून सांगायला घेतो आणि पाच मिनिटांत बादलीवर घसरतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सोलापुरात विजापूर रोडला आमचा पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे. घर मागं, पुढं मोकळी जागा, पश्चिमेला जुना कडुलिंब. मुलगी पुण्याला आर्किटेक्ट आहे. तिनं नकाशा काढून दिला: लॉनचा नेटका चौकोन, दगडी बाक, भिंतीलगत चाफा आणि मधोमध २० बाय १० फुटांची टाकी. एका टोकाला ३ फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेचार. चारी काठांवरून पाणी ओसंडतं तसली टाकी तिला हवी होती. त्याला मी नाही म्हटलं. ओसंडलेलं पाणी झेलायला खाली वेगळी टाकी बांधावी लागते, आणि काठावरून पातळ होऊन वाहणारं पाणी आपल्या मे महिन्यात उरणार किती? साधी स्किमरवाली टाकी ठरली, म्हणजे भिंतीतल्या एका खाचेतून वरचं पाणी कचऱ्यासकट ओढून घेणारी. ती दोन दिवस रुसली होती.

परवानगी, खोदाई, सळई, काँक्रीट यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. वरची चार फूट काळी माती निघाली. ती परत भरावाला वापरू दिली नाही, टाकीच्या चारी बाजूंनी मुरूमच भरून घेतला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तिचा धक्का नको. काँक्रीट डिसेंबरात झालं. मग माणसं गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला गेली. यात्रा उठून पंधरा दिवस झाले तरी ठेकेदाराचा गड्डा काही संपेना.

फेब्रुवारीच्या शेवटी टाकी पाण्यानं भरून बघायची वेळ आली. टाइल लावण्याआधी नुसती काँक्रीटची टाकी भरून ठेवायची आणि पाणी उतरतं का ते पाहायचं. एकवीस हजार लिटर पाणी. थोडं बोअरचं, बाकी टँकरचं. आमच्याकडं नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतो, तोही उजनीहून शंभरेक किलोमीटर लांबून. टँकर दारात उभा राहिला तेव्हा समोरच्या काकू गेटपाशी येऊन थांबल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिले तीन दिवस पातळी भराभर उतरली. ठेकेदार म्हणाला, "नवं काँक्रीट हाय, पिणारच की ओ." हे खरं आहे, कोरडं काँक्रीट सुरुवातीला पाणी पितं. चौथ्या दिवशी पुन्हा काठापर्यंत भरलं. पाचव्या दिवशी परत बोटभर खाली. फोन केला तर म्हणतो, "उन्हानं उडलालंय ओ साहेब. सोलापूरचं ऊन हाय." सहाव्या दिवशी तेच, सातव्या दिवशीही तेच. फेब्रुवारीतलं ऊन बोटभर पाणी उडवत असेल तर मे महिन्यात टाकीत चटईच टाकावी लागली असती. पण मला तरी कुठं नक्की माहीत होतं? वाद घालायला हातात काही नव्हतं. तो 'ऊन' म्हणायचा, मी 'गळती' म्हणायचो आणि आठवड्यातून दोनदा "उद्या येतो" व्हायचं.

शेवटी मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, बादली ठेवा." इतकं साधं आहे की मला माझाच राग आला. टाकीच्या वरच्या पायरीवर बादली ठेवायची, ती हलू नये म्हणून आत एक वीट. बादलीत टाकीचंच पाणी भरायचं, बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकं. बादलीच्या आतून एक खूण करायची, टाकीच्या भिंतीवर एक. चोवीस तास हात लावायचा नाही. ऊन दोन्हीकडं सारखंच लागतं. बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उन्हाचं, टाकीत त्याहून जास्त गेलं ते गळतीचं.

बायकोच्या शिवणाच्या डब्यातला खडू आणि माझी स्टीलची पट्टी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उतरलो. बादली ७ मिलिमीटर खाली, टाकी २९. तीन दिवस मोजलं, एखाद्या मिलिमीटरचा फरक. म्हणजे रोज २२ मिलिमीटर पाणी जमिनीत. कागदावर गणित मांडलं: २०० चौरस फुटांत २२ मिलिमीटर म्हणजे चारशे लिटरच्या वर. पंधरा लिटरची कळशी धरली तर रोज सत्तावीस कळशा. तेव्हा काकूंचा चेहरा आठवला.

आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले. उत्तर काय यावं? "टाइल बसली की आपोआप बंद होतंय साहेब." इथंच सगळे फसतात, मीही फसलो असतो. टाइल पाणी अडवत नाही. दोन टाइलांमधल्या सांध्यातून पाणी आत शिरतंच. ते अडवतं खालचं काँक्रीट आणि त्यावरचं वॉटरप्रूफिंग. गळकी टाकी टाइलनं झाकली की पाणी टाइलच्या मागं फिरत राहतं, टाइल सुटायला लागतात आणि मग गळती शोधायला सगळं फोडावं लागतं. मी सांगितलं, एकही टाइल लागणार नाही. तो म्हणाला, मग माझी माणसं दुसऱ्या साइटवर जातील. म्हटलं, जाऊ देत. माल मात्र येऊन पडला होता, सोळा खोकी, पोर्चमध्ये. गाडी आठ दिवस रस्त्यावर उभी.

पाणी परत भरलं नाही, उतरू दिलं. रोज सकाळी पट्टी, रोज वहीत आकडा. बायको म्हणायची, "अहो, शुगर तरी एवढी नेमानं तपासली असती." पातळी खाली येईल तसा वेग कमी झाला, आणि भरल्यापासून अठराव्या दिवशी टाकी आणि बादली बरोबरीनं उतरायला लागली. दोन्ही ७. गळती थांबली होती ती बरोबर दिव्याच्या भोकाच्या खालच्या कडेला.

पाण्याखाली एक दिवा हवा हा हट्ट माझाच. नकाशात नव्हता. काँक्रीट झाल्यावर सुचलं म्हणून भिंत फोडून वायरचा पाइप बाहेर काढला होता आणि भोवती सिमेंट लिंपून दिलं होतं. पीव्हीसीचा गुळगुळीत पाइप सिमेंटला धरत नाही, केसभर फट राहतेच. पाइप ओतकामाच्या आधीच बसवायचा असतो आणि त्याला भिंतीत गाडली जाणारी चकती, म्हणजे फ्लँज, असावी लागते. हे ठेकेदारानं सांगायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं, पण चिडलोय त्याच्यावर.

खात्री करायला दिव्याच्या वर चार बोटं पाणी चढवलं. पाणी अगदी स्थिर होऊ दिलं. जिलेबीचा केशरी रंग कपात कालवला, औषधाच्या ड्रॉपरनं भोकाच्या खालच्या कडेला एक थेंब सोडला. थेंब क्षणभर तिथंच ढगासारखा राहिला. मग त्याची एक शेपटी निघाली आणि दोऱ्यासारखी सरळ फटीत गेली. मी ठेकेदाराला तिथंच गुडघ्यावर बसवून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आता गावलं की." जणू आम्ही दोघं मिळून शोधत होतो.

पाइपभोवती चार इंच खोल फोडून, फ्लँज बसवून, न आकसणारं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा सिमेंटचा लगदा, भरलं. वाळल्यावर परत भरून सात दिवस बादली. टाकी आणि बादली बरोबरीनं उतरली. ते पाणी मग लिंबाला आणि आंब्याला सोडलं, काकूंनी धुण्याला चार बॅरल नेलं. क्लोरीन पडलेलं नव्हतं म्हणून हे जमलं.

ठेकेदाराशी लिहून घेताना शेवटच्या हप्त्याच्या आधीचा हप्ता या पाण्याच्या चाचणीला बांधा. आमचे पैसे तोवर जवळजवळ देऊन झाले होते, म्हणून तो "उद्या येतो" म्हणू शकला.

टाइल पंधरा दिवसांत लागली. शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू वस्तीतला मिस्त्री होता, काचेच्या मोझॅकचे फूट-फूट तुकडे तेलुगूत मोजत लावायचा, ओकटी, रेंडू, मूडू, आणि सुकल्यावर एक रुपयाच्या नाण्यानं टकटक करून बघायचा. पोकळ वाजलं की तो तुकडा उचकटून परत. मला बोलावं लागलं नाही. सांधे इपॉक्सीनं भरले. भरल्यावर सात दिवस पाणी नाही.

रंगाचं राहिलंच. मुलीला गडद राखाडी हवा होता, फोटोत झकास दिसतो. पण गडद टाइल ऊन जास्त ओढते, तळाशी मूल आहे की सावली ते चटकन कळत नाही, आणि बोअरच्या क्षाराची पांढरी रेघ काठावर उठून दिसते. फिका निळसर-हिरवा घेतला, रेघ तरीही पडते, पण दर आठवड्याला ब्रश मारला की निभतं. पायऱ्यांना मात्र खडबडीत टाइलच. भोवतीच्या फरशीला शहाबादी लावणार होतो, जवळची आणि स्वस्त. एप्रिलच्या दुपारी शेजारच्या अंगणातल्या शहाबादीवर अनवाणी उभा राहिलो आणि बेत बदलला.

लिंबाचंही आधी सांगायला हवं होतं. वारा पश्चिमेचा, लिंब पश्चिमेला, टाकी पूर्वेला. मोहर आणि पिवळी पानं सगळी पाण्यात. झाड तोडायचा प्रश्नच नाही, रात्री जाळी ओढतो. तुम्ही नकाशाच्या दिवशीच वाऱ्याकडं बघा. आणि पावसाळ्यात टाकी रिकामी करून धुवायच्या फंदात पडू नका. जमिनीतलं पाणी चढलेलं असेल तर खालून दाब येतो, रिकामी टाकी उचलली जाऊ शकते.

ज्या दिव्यापायी हे सगळं झालं तो आतापर्यंत दोनदाच लावलाय. किडे येतात.