नागरिकशास्त्राचा तास

परवा दुपारी भाचीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते (मला आवडतं, तिला ब्राऊन पेपर नको असतो, तिचं काय ऐकायचं) आणि इतिहास-नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच उद्देशिका दिसली. ‘आम्ही, भारताचे लोक,’ आणि तो स्वल्पविराम. प्रतिज्ञा आम्ही रोज हात पुढे करून म्हणायचो, निम्मं लक्ष पुढच्या मुलीच्या रिबिनीकडे, पण हे पान कुणी वर्गात वाचून दाखवल्याचं काही आठवत नाही.

नागरिकशास्त्र म्हणजे आठवड्यातून एक तास, तोही गणिताचे सर मागून घ्यायचे आणि बाई खुशीत द्यायच्या. उरलेल्यात मग पेन्सिलीने खुणा करा. संविधान स्वीकारलं 26 नोव्हेंबर 1949, अमलात आलं 26 जानेवारी 1950, गाळलेल्या जागा भरा, पुढे चला. निवडणुकीचा धडा झाला त्याच आठवड्यात बाईंनी मॉनिटर नेमला. नेमला, हो. उंच होता म्हणून.

पहिल्या निवडणुकीची गंमत मला कॉलेज संपल्यावर कळली. 1951-52, सुकुमार सेन निवडणूक आयुक्त, 17 कोटींच्या वर मतदार आणि त्यातल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी, वर चिन्ह चिकटवलेलं. आणि जवळजवळ 28 लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, जास्त करून उत्तरेकडे, कारण नाव विचारलं की त्या अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगायच्या, स्वतःचं नाव परक्या माणसाला सांगायचं नाही म्हणून.

हे वाचलं तेव्हा आजी होती. म्हटलं आजी, तू सांगितलं होतंस का गं नाव? ती शेंगा सोलत होती, सोलता सोलताच म्हणाली, सांगितलं की. झालं असं, की यादीवाला कारकून आला तेव्हा ओसरीवर मामंजी बसलेले, हिला दाराआडून नाव विचारलं आणि घाबरून हिच्या तोंडून माहेरचंच नाव गेलं. सासरी लग्नात नाव बदललेलं, आणि तसंही त्या नावाने हाक कोण मारतंय, सगळ्यांची ती धाकटी वहिनी. कारकुनाने लिहून घेतलं, कुणी दुरुस्त केलं नाही. त्यामुळे आयुष्यभर प्रत्येक मतदानाला ही बाई माहेरच्या नावाने गेली. बैलजोडीच्या पेटीला तिने पहिल्या वेळी लांबूनच नमस्कार केला होता म्हणे, मत कुणाला दिलं ते मात्र आजोबांनाही कधी सांगितलं नाही. ‘गुप्त असतं ते,’ असं इतक्या ठसक्यात म्हणायची की आजोबा विषय बदलायचे.

मी हे भाचीला सांगायला घेतलं तर ती म्हणाली मावशी सेलोटेप तिरका लागलाय. लागला होता खरा.

आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती गेल्यावरही दोन निवडणुकांना तिची स्लिप घरी आली, त्याच नावाची. नाव कमी करायला फॉर्म भरावा लागतो. बाबांनी तो आणूनही ठेवला होता, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, पण भरला कुणीच नाही.