फ्लॅपऐवजी गिअर

हे लिहायला बरेच दिवस लावले. लँडिंग छान झालं होतं, आधी मागची दोन चाकं टेकली, मग नोज व्हील अलगद खाली आलं, तिन्ही चाकं खाली लॉक असल्याचे हिरवे दिवे लागलेले, आणि मी सवयीने फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग, वर घ्यायला हात पुढे केला कारण फ्लॅप आत गेले की लिफ्ट (पंखांची उचल) कमी होते, वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट लागतात. हात पडला गिअरच्या, म्हणजे चाकं आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेच्या लिव्हरवर.

आधी मोटरचा आवाज आला, फ्लॅपच्या मोटरपेक्षा जड. लगेच लिव्हर परत खाली केला पण तोवर चाकांचे लॉक सुटले होते. नाक खाली गेलं, प्रोपेलर रनवेवर आपटला, इंजिन जागीच थांबलं आणि विमान पोटावर घासत गेलं. मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), फ्युएल, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) सगळं बंद केलं आणि दोघं बाहेर पडलो. कुणालाही लागलं नाही, हे आधी सांगायला हवं होतं खरं तर.

सगळे विचारतात, जमिनीवर गिअर आत जातोच कसा, सेफ्टी असते ना? असते की. गिअरच्या पायावर स्क्वॉट स्विच असतो, वजनाने स्ट्रट (चाकाच्या वरचा दबणारा दांडा) दबला की तो गिअर वर घ्यायचं सर्किट तोडतो. पण वेग असेपर्यंत बरंचसं वजन अजून पंखच पेलत असतात, स्ट्रट पुरता दबलेला नसतो, त्यात रनवेवर छोटासा उंचवटा जरी आला तरी चाक हलकं होतं आणि स्विचच्या लेखी विमान अजून हवेतच असतं. म्हणजे आपला हात चुकायची शक्यता जेव्हा सगळ्यात जास्त, नेमका तेव्हाच हा स्विच बेभरवशाचा.

ही चूक जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बाँबर विमानाचे पायलट लँडिंगनंतर हेच करत होते, गिअर आणि फ्लॅपचे स्विच सारखेच दिसायचे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने गिअरच्या नॉबला चाकाचा आणि फ्लॅपच्या नॉबला पाचरीसारखा आकार द्यायचं सुचवलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) हलक्या विमानांमधल्या याच अपघातांवर वेगळा रिपोर्ट काढला. माझ्या नॉबलाही चाकाचाच आकार होता, पण मी ज्या विमानावर शिकलो त्यात फ्लॅप जिथे होता तिथे ह्यात गिअर होता, आणि हाताने आकार चाचपलाच नाही, फक्त जागा ओळखली.

नुकसान बाहेरून कमी वाटतं, वाकलेली ब्लेडं, पोटाचा घासलेला पत्रा. पण प्रोपेलर असा अडकून इंजिन थांबलं की ते पूर्ण खोलावं लागतं, कारण क्रँकशाफ्टला (प्रोपेलर फिरवणारा इंजिनातला दांडा) गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही. मी ते खोलताना बघत उभा होतो, फार वाईट वाटलं.

आता रनवे सोडून विमान पूर्ण थांबवल्याशिवाय मी कुठल्याच लिव्हरला हात लावत नाही. मग नॉबवर बोटं ठेवून मोठ्याने "फ्लॅप" म्हणतो, आकार जाणवू देतो, आणि मगच वर. लांबी कमी असलेल्या रनवेवरही आता हेच, ब्रेकला थोडं जास्त अंतर लागलं तरी चालेल, आणि तेवढी लांबी नसेल तर मी तिथे उतरत नाही.