तुम्ही विचारलंत म्हणून: ठेका द्रुत, चाल विलंबित

ठाण्यात गेली काही वर्षे मी घरी कीबोर्ड शिकवते आणि वर्षातून तीन-चार पालक तरी एकच प्रश्न मला विचारतात. मूल वर्गात आल्यावर महिन्याभरातच 'टेक ऑन मी' या इंग्रजी पॉप गाण्याचा सुरुवातीचा पीस शिकवा म्हणून हट्ट धरते, घरी दिवसभर तोच वाजवते, आणि मग फी द्यायला आलेली आई किंवा बाबा दारातच थांबून विचारतात, "मॅडम, हे तर आमच्या लहानपणचं गाणं. ते त्या पेन्सिलच्या व्हिडिओमुळेच चाललं होतं ना? मग आजच्या मुलांना त्यात एवढं काय सापडतं?" दारात उभ्याने मी "चाल चांगली आहे हो" एवढेच सांगून सुटते. तुम्ही मात्र परवा बसून विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम माझ्या उत्तराची पार्श्वभूमी सांगायला हवी. हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले ते मस्कतहून सुट्टीला आलेल्या मामेभावाने आणलेल्या एका कॅसेटवर, आणि त्या कॅसेटवर नावे बॉलपेनने लिहिलेली होती. गाणारे नॉर्वेचे आहेत, त्यांच्या बँडचे नाव 'आ-हा' आहे आणि त्या गाण्याला जगभर गाजलेला एक व्हिडिओ आहे, यांतले काहीही मला ठाऊक नव्हते. तो व्हिडिओ मी पाहिला तो केबल टीव्ही घरात आल्यावर, म्हणजे मधे बरीच वर्षे गेल्यावर, आणि तोपर्यंत गाणे मला तोंडपाठ होते. त्यामुळे "व्हिडिओमुळे चालले" हे विधान मला माझ्यापुरते तरी खोटेच ठरवावे लागते. मात्र जगाच्या बाबतीत ते तितके खोटे नाही, आणि या गाण्याची खरी गंमत तिथेच आहे.

मॅग्ने फुरुहोल्मेन आणि पॉल व्हाकतार हे ऑस्लोचे दोघे मित्र शाळकरी वयापासून एकत्र वाजवत. 'ब्रिजेस' नावाच्या त्यांच्या बँडने 1980 मध्ये स्वतःच एक अल्बम काढला होता. कीबोर्डवरचा तो प्रसिद्ध पीस मॅग्नेला सुचला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास, पण त्यांना तेव्हा गंभीर, काळोखी संगीत करायचे होते आणि त्या मानाने ही धून फारच लाडिक वाटल्यामुळे ती बाजूला पडली. पुढे मॉर्टन हार्केट हा गायक त्यांना मिळाला, तिघे 1983 मध्ये नशीब काढायला लंडनला गेले, आणि 'लेसन वन' या नावाने पडून असलेली ती चाल पुन्हा बाहेर आली. बँडचे नावसुद्धा असेच हाती लागले, कारण पॉलच्या वहीत एका संभाव्य गाण्याचे शीर्षक म्हणून लिहिलेला 'आ-हा' हा शब्द मॉर्टनच्या नजरेस पडला.

1984 मध्ये टोनी मॅन्सफील्ड या निर्मात्याने ध्वनिमुद्रित केलेले 'टेक ऑन मी' त्यांचे पहिले सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड, म्हणून निघाले. नॉर्वेत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, पण ब्रिटनमध्ये पहिल्या शंभरातही आले नाही. हे पहिले रूप आज सहज ऐकायला मिळते आणि मी ते माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवते. चाल तीच, गायक तोच, पीसही तोच, आणि तरीही गाणे जमिनीवरून उठत नाही. सगळे आवाज तोडून तोडून ठेवल्यासारखे वाटतात आणि धृपद, म्हणजे परतपरत येणारा मुख्य भाग, आल्यावर छाती भरून यावी तशी ती भरून येत नाही. मग ॲलन टार्नी या दुसऱ्या निर्मात्याने ते नव्याने केले. रोलँडच्या जूनो-60 या सिंथेसायझरचा जाड, उबदार आवाज आणि यामाहाच्या डीएक्स-7 चा काचेसारखा टणक आवाज यांची त्याने मुख्य पीससाठी जोड घातली आणि खाली लिनड्रम या यंत्राचा ठेका ठेवला. तुमची मुलगी आपल्या छोट्या कीबोर्डवर दोन आवाज एकावर एक चढवण्याचे जे बटण शोधत असते, ते याचसाठी.

हे नवे रूपही ब्रिटनमध्ये लागलीच चालले नाही! पहिल्या रूपासोबत निळ्या पार्श्वभूमीवर तिघे गाताहेत असा एक साधासा व्हिडिओ होता आणि तो आज कुणाला आठवतही नाही. वॉर्नर ब्रदर्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या अमेरिकन शाखेतल्या लोकांनी हट्ट सोडला नाही म्हणून तिसरा प्रयत्न झाला. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन याने लंडनच्या एका साध्या कॅफेत चित्रीकरण केले, आणि मायकेल पॅटरसन व कँडेस रेकिंगर या दोघांनी त्या चित्रीकरणातली एकेक चौकट पेन्सिलने पुन्हा कागदावर काढली. अशी सुमारे 3,000 चित्रे काढायला 16 आठवडे लागले. कॉमिकच्या पानातून एक हात बाहेर येतो आणि कॅफेत बसलेल्या मुलीला आत ओढून घेतो, हे दृश्य तुम्हाला आठवत असेलच. त्या रेषा थरथरतात, कारण कुठलेही चित्र आधीच्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही, आणि ही थरथर हाताने काढल्याशिवाय येत नाही. 19 ऑक्टोबर 1985 च्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले, तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबले. पुढच्या वर्षी एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या पारितोषिकांत या व्हिडिओने सहा पारितोषिके घेतली, पण वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान डायर स्ट्रेट्स या बँडच्या ज्या व्हिडिओला गेला, तोही याच बॅरनने दिग्दर्शित केलेला होता. स्वतःकडूनच हरण्याचे असे भाग्य किती जणांना लाभते, देव जाणे.

तेव्हा तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. हा व्हिडिओ नसता तर मस्कतच्या दुकानात ती कॅसेट आली नसती आणि मामेभावाने ती आणली नसती. पण लोकांनी गाणे ऐकायला दार उघडले ते व्हिडिओमुळे, एवढेच यातून ठरते. दार उघडल्यावर चाळीस वर्षे पाहुणा घरात का राहिला, याचे उत्तर मला पेटीवर द्यावे लागेल.

हे गाणे आपल्या भाषेत पांढरी सहाचे, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचे. पांढरी सहाला षड्ज, म्हणजे सा, धरलात तर सुरुवातीचा पीस 'धध म रे, रे प, पप नीनी सां रें' असा चालतो आणि उतरून 'सांसांसां प म ध, धध पप ध प' असा संपतो. तो षड्जावर सुरू होत नाही आणि षड्जावर टेकतही नाही. पंचमावर येऊन उभा राहतो, आणि कानाला पुढचे काहीतरी हवेसे वाटेपर्यंत पुन्हा धैवतावरून सुरू होतो. मुले तो तासन् तास वाजवू शकतात याचे कारण हेच असावे, कारण त्यात थांबण्याजोगी जागाच ठेवलेली नाही. तुमच्या शेजाऱ्यांना हे कारण सांगून उपयोग नाही, हे मला समजते.

यापेक्षाही मोठे काम धृपदात आहे. शीर्षकाचे तीन शब्द म्हणजे मंद्र, अर्थात खालच्या सप्तकातला, षड्ज, तिथून एकदम वरचा शुद्ध निषाद आणि लगेच मध्य षड्ज. ही सा-नी उडी घ्यायला अवघड असते, कारण निषाद जरा कमी लागला तरी तो उघडा पडतो. तिथून मॉर्टन टप्प्याटप्प्याने वर चढत जातो आणि धृपदाच्या अखेरीस तार, म्हणजे सर्वांत वरच्या, सप्तकातल्या पंचमावर पोचतो. मंद्र षड्ज ते तार पंचम, म्हणजे अडीच सप्तके, आणि तीही एकाच धृपदात! आपल्याकडे एखाद्या गवयाने हे केले असते तर त्याने त्यासाठी पाऊण तास घेतला असता आणि आपण मान डोलावली असती.

आता ठेका पाहा. मिनिटाला जवळजवळ 169 मात्रा, म्हणजे चांगलाच द्रुत. पण धृपदातले स्वर त्या ठेक्याबरोबर धावत नाहीत, एकेक स्वर लांब धरून ठेवलेला आहे. ठेका द्रुत आणि वरची चाल विलंबित, अशी ही रचना आहे. पाय नाचतात आणि गळा मात्र कशाची तरी वाट पाहत असतो. मला वाटते, लग्नाच्या वरातीत आणि रात्री एकट्याने हेडफोन लावून, अशा दोन्ही ठिकाणी हे गाणे चालते ते यामुळेच.

हा माझा केवळ तर्क नाही, कारण बँडनेच त्याचा पुरावा दिला. 2017 च्या जूनमध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिस्के बेटावर त्यांनी सिंथेसायझर बाजूला ठेवून एक मैफल ध्वनिमुद्रित केली, आणि तिच्यात हे गाणे अतिशय संथ लयीत गायले. लिनड्रम नाही, पेन्सिलची चित्रे नाहीत, आणि तरीही चाल जागची हलत नाही. उलट ते मुळात एक व्याकूळ गाणे होते आणि आपण इतकी वर्षे त्यावर नाचत होतो, हे ऐकताना ध्यानात येऊन जरा ओशाळायला होते. पुढच्याच वर्षी ते रूप 'डेडपूल 2' या चित्रपटात वापरले गेले, आणि माझे बरेचसे विद्यार्थी गाण्यापर्यंत आले ते त्या वाटेने. काही जण एका व्हिडिओ गेममधून आले. मूळ व्हिडिओने 2020 मध्ये यूट्यूबवर शंभर कोटींचा आकडा ओलांडला, आणि ते सगळे प्रेक्षक काही आपल्या वयाचे नसणार. ब्रिटनमध्ये मूळ गाण्याला कधीच न मिळालेला पहिला क्रमांक 2000 मध्ये 'एवन' नावाच्या बँडने याच गाण्याची नक्कल करून मिळवला. ती नक्कल मला आवडत नाही. उडी आहे, पण उडीच्या आधीचा श्वास नाही.

मॉर्टनला पार्किन्सन्स झाल्याचे 2025 च्या जूनमध्ये जाहीर झाले. त्या आठवड्यात मी वर्गात तो तार पंचम पुन्हा ऐकवला, आणि एका मुलाने विचारले की हा आवाज मशीनचा आहे का. मी त्याला मंद्र षड्जापासून गाऊन बघायला सांगितले. मध्य सप्तकापर्यंत तो बरा गेला, पुढे त्याचा आवाज फाटला आणि सगळा वर्ग हसला. मग सगळ्यांनी एकेकदा फाडून पाहिला.

तुमच्या मुलीबद्दल सांगायचे तर तिची बोटे बरोबर पडतात, पण 'नीनी सां रें' या जागी ती घाई करते. सध्या मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारे टिकटिक यंत्र, शंभरवर ठेवा आणि त्यापुढे जाऊ देऊ नका; पुढच्या शनिवारी आपण एकशे दहा करून पाहू.